बावतीसकाकांचा पीपी नंबर

बावतीसकाकांना सातवा महिना लागला तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. हे माझ्या पदरचं नाही, सरकारी संगणकात तसं नोंदलेलं होतं. त्याच संगणकाच्या मते काकांना मधुमेह होता, दोन्ही गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता, अंगावर कांजिण्या उठल्या होत्या आणि गोवराची लस टोचायची राहिली होती. एवढं सगळं सोसून हा माणूस रोज सकाळी भुईगावहून निर्मळच्या नाक्यापर्यंत सायकल मारत पेपर आणायला जायचा, पण संगणकाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी तेव्हा वसईतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत होते. फोनवरून, व्हिडिओवरून डॉक्टर भेटण्याची जी सोय निघाली आहे, ती कुणापर्यंत पोचते आणि कुणाच्या दारावरून नुसती पुढे जाते, हे शोधायचं आणि मग सरकारच्या मागे लागून नियम बदलून घ्यायचे, असं आमचं काम. पहिल्या अर्ध्याचा पगार मिळायचा, दुसऱ्या अर्ध्याचा मनस्ताप. त्यात मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन विरारला आलेली. माझं डोकं तापायला फार वेळ लागत नाही, आणि बावतीसकाकांनी ते पहिल्याच दिवशी तापवलं.

झालं असं की आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीतून नावं घेऊन भुईगावच्या पेशंटना फोन करून आमचे प्रश्न विचारायचे होते. मी मंजुळा भोईर या गरोदर बाईंचा नंबर लावला. पलीकडून खर्जातला पुरुषी आवाज आला. मंजुळाताई आहेत का, विचारलं. तर म्हणे, नाहीत, पण प्रकृती उत्तम आहे, बाळ फिरतं, विचारा पुढे. मला वाटलं नवरा असेल. पुढचा फोन लावला लुसीबाय या गुडघेदुखीच्या आजींना. तोच आवाज. "पुन्हा तुम्हीच का? गुडघे तसेच आहेत." तिसरा फोन एका लहान मुलाच्या घरी. या वेळी हॅलोसुद्धा न म्हणता उत्तर आलं की लसीची आठवण आहे, शुक्रवारी नेणार आहेत. मी फोन आपटला, स्कूटर काढली आणि तडक भुईगाव गाठलं.

ज्यांनी घरात फोन नसलेले दिवस पाहिलेत त्यांना पीपी नंबर आठवत असेल. आपला फोन नाही म्हणून शेजारच्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात पीपी लिहायचं. मुलीच्या स्थळाच्या चिठ्ठीवर पीपी, नोकरीच्या अर्जावर पीपी. त्या गल्लीतला पहिला फोन बावतीसकाकांकडे आला होता, आणि तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक माणूस प्रत्येक कागदावर काकांचाच नंबर देत आला. पुढे मोबाइल आले, काकांनीही घेतला, आणि गल्लीने त्यांचा नवा नंबर लगेच पाठ केला. पण मोबाइल म्हणजे फोटो पाठवायला, गाणी ऐकायला. सरकारी कागदावर नंबर मागितला की जुनी सवय जीभ हलवायची आणि काकांचा नंबर बाहेर पडायचा. शिवाय निम्म्या घरांत मोबाइल एकच, आणि तो सकाळी नवऱ्याच्या खिशातून कामावर जायचा. उरलेल्यांना नारळी-केळीच्या दाटीत रेंज मिळायची नाही. रेंज होती ती काकांच्या वरच्या गॅलरीत. डॉक्टरवाल्या योजनेचा नियम मात्र असा की एक नंबर म्हणजे एक पेशंट. त्यामुळे अख्ख्या गल्लीची दुखणी बावतीसकाकांच्या एकट्याच्या नावावर जमा होत गेली.

काकांना याचं काही दुःख नव्हतं. उलट अभिमान होता. मी जाब विचारायला गेले तर त्यांनी मला खुर्ची दिली, केळी दिली आणि अत्यंत शुद्ध मराठीत माझं स्वागत केलं. घरात ते त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची नाही. पण बाहेरच्या माणसाशी त्यांची भाषा एकदम बदलायची. रविवारी मिस्साच्या वेळी चर्चमध्ये वाचन करायचा मान त्यांचा होता, आणि तोच सूर ते फोनवर लावायचे. "डॉक्टरसाहेब, ही वृद्ध भगिनी गुडघ्यांच्या क्लेशाने ग्रस्त आहे. आपण कृपा करावी." पलीकडची डॉक्टर निकम, कोवळी पोरगी, पहिल्यांदा हे ऐकून म्हणे उभीच राहिली होती.

दिसायला उंच, सडपातळ, केसांना भरपूर खोबरेल. फोन वाजला की लगेच उचलायचा नाही, लगेच उचलला की माणूस रिकामटेकडा वाटतो, हा त्यांचा नियम. आधी घसा साफ करायचा, बाह्या नीट करायच्या, मग उचलायचा. व्हिडिओ कॉल असेल तर इस्त्रीचा शर्ट, आणि साधा कॉल असेल तरीही इस्त्रीचा शर्ट, कारण आवाजावरून कपडे ओळखू येतात असं त्यांचं ठाम मत होतं. उभी नोकरी मुंबईत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून झालेली. त्यांची बायको आग्नेसकाकू एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली की तीस-पस्तीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि स्वतः गप्प बसले, आता साठलेलं सगळं बाहेर पडतंय, आपण फक्त बाजूला व्हायचं.

मी त्या गॅलरीतल्या तपासण्या पाहायला जाऊ लागले. आमच्या भाषेत त्याला निरीक्षण म्हणतात. खरं म्हणजे मजा बघायला जायचे. डॉक्टरचा फोन आला की काका गॅलरीतून हाक मारायचे, आणि ज्याला बोलावलं तो सोडून बाकी सगळे आधी पोचायचे. कुणी भाजी निवडायला घेऊन, कुणी मांडीवर नातू घेऊन. पेशंट मध्ये, फोन काकांच्या हातात. एकदा डॉक्टर निकमनी लुसीबायना विचारलं की पोट साफ होतं का. लुसीबाय लाजून पदर चावू लागल्या. काका म्हणाले, होतं. मागून त्यांचीच एक सून म्हणाली, कुठलं होतंय, रोज सकाळी ऐकतो ना आम्ही. त्यावर दुसरीने पपई सुचवली, तिसरीने पपईने उष्णता होते म्हणून सांगितलं, आणि दोघींचं जुंपलं. डॉक्टर पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि निकाल दिला की पोट मध्यम साफ होतं.

जिभेचा किस्सा तर गल्लीत अजून सांगतात. डॉक्टरने लुसीबायना जीभ दाखवायला सांगितली. बावतीससारख्या मोठ्या माणसासमोर जीभ काढायची म्हणजे काय, त्या काही केल्या तोंड उघडेनात. काकांनी त्यांना धीर द्यायला स्वतःची जीभ भरपूर बाहेर काढून दाखवली, आणि नेमका तेव्हा फोन त्यांच्याकडे वळलेला होता. डॉक्टर गंभीरपणे म्हणाली, आजी, तंबाखू आजपासून बंद. लुसीबायनी जन्मात तंबाखूला हात लावलेला नव्हता. आग्नेसकाकू मागे उभी होती. ती आत गेली आणि घरातल्या आल्तारामागे, म्हणजे देव्हाऱ्यामागे, काकांनी दडवलेली तंबाखूची डबी घेऊन बाहेर आली. त्या दिवसापासून काकांचं डॉक्टर निकमबद्दलचं मत जरा खाली आलं, पण पोरगी हुशार आहे हे त्यांनी कबूल केलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण मंजुळेचं हसण्यावारी नव्हतं. ती खाडीकडच्या शेतकरी घरातली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर या गल्लीत भाड्याने राहायला आलेली. पहिलं मूल पोटातच गेलेलं. यंदा रक्तदाब वर जात होता म्हणून आशाताई येऊन मोजायच्या आणि दर आठवड्याला डॉक्टर फोनवरून बघायची. नाहीतर रिक्षा, मग बस, मग दवाखान्यातली रांग, आणि तो दिवसभराचा खाडा तिला परवडायचा नाही. ती फुलांच्या वाडीत मोगरा खुडायच्या कामाला होती. तेव्हा तो आठवड्याचा फोन म्हणजेच तिचा दवाखाना. गॅलरीतला प्रत्येक जण तिच्या पोटाकडे बघून मनातल्या मनात देवाला काहीतरी कबूल करत असायचा.

आणि तेवढ्यात वरून कळलं की भुईगावची सोय पुढच्या महिन्यापासून बंद. कारण काय, तर गावाच्या या संपूर्ण भागात पेशंट एकच आढळला, आणि एका पेशंटसाठी डॉक्टर अडकवून ठेवता येत नाही. पालघरला बैठक होती, तिथे काय ते मांडा, असं आम्हाला सांगण्यात आलं.

मला उपाय सोपा वाटला. ज्याच्याकडे असेल त्याने स्वतःचा नंबर द्यावा, नसेल त्याच्यासाठी एका नंबरावर जास्त पेशंट नोंदवायची परवानगी मागावी. मी गॅलरीत जाऊन तसं सांगितलं. काका म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं माझा नंबर चालला तो आता चालत नाही. मी म्हटलं तसं नाही काका. पण त्यांनी मला त्या दिवशी केळी दिली नाहीत, आणि मला लेकीसारखं 'बाय' म्हणायचे ते सोडून 'आपण' म्हणायला लागले. आग्नेसकाकूने खुणेनेच मला सांगितलं की जा आता, दोन दिवस हे असंच चालायचं.

बैठकीत सांगायला पेशंटचे अनुभव हवे होते, म्हणून मी मंजुळेला गाठलं ते गॅलरीत नाही, तिच्या कामावर. मोगऱ्याच्या ओळीत ती वाकून कळ्या खुडत होती. मी सहज म्हटलं, बरी आहेस ना. ती म्हणाली, "डोका लय दुखतंय. मधीच डोल्यांपुढं काजवं चमकतान." पाय बघितले तर सुजलेले. मी काही डॉक्टर नाही, पण एवढी वर्षं या कामात काढल्यावर गरोदर बाईने हे दोन शब्द उच्चारले की काय समजायचं ते मला ठाऊक होतं. कालच तर फोन झाला होता, डॉक्टरला सांगितलं का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

ती कळ्या परडीत टाकत म्हणाली, "तिकरं सगली गल्ली बसते, बाई. आनि काका माज्या आदीच सांगून मोकले होतान, बरी हाय म्हनून. मंग मी काय सांगू?"

मी तिला तशीच रिक्षात घातली. दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या नर्सने दोनदा यंत्र तपासलं, तिला यंत्रच बिघडल्यासारखं वाटलं. लगेच दाखल करून घेतलं. आणखी घरी राहिली असती तर आई आणि मूल दोघंही हाताला लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. मुलगी वेळेआधी झाली, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण रडली. ते रडणं ऐकून मीही तिथे जिन्यात बसून रडले, लाज कसली त्यात.

काकांना सांगायचं काम माझ्यावरच आलं. मी रागाने भरून गेले होते आणि सांगितलंही तसंच, काही झाकलं नाही. सांगून झालं आणि फोन वाजला. काकांनी घसा साफ केला नाही, बाह्या सारख्या केल्या नाहीत. फोन वाजून वाजून थांबला. आग्नेसकाकूने येऊन तो उचलून आत नेला. त्या बाईने नवऱ्याला टोमणा मारायची संधी कधी सोडली नव्हती, पण त्या दिवशी ती फक्त त्यांच्या शेजारी बसून राहिली. मला राग धरवेना. इतका बोलका माणूस असा बसलेला बघवत नाही.

पालघरच्या बैठकीला मी त्यांना नेणार नव्हते. पण सकाळी आमच्या संस्थेबाहेर स्कूटरजवळ ते उभेच. म्हणाले, एकच पेशंट म्हणतात ना, तर त्याला हजर करायला नको का. मला धास्ती होती की हा माणूस तिथे जाऊन मिस्सा सुरू करणार.

मी चांगले पंधरा दिवस खपून माहिती तयार केली होती. पडद्यावर चित्रं, रंगीत खांब, सगळं. पहिलं चित्र लागतंय तोवर अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी विचारलं की भुईगावला लाभार्थी एकच ना. काका उठले. "तो मीच," म्हणाले. साहेबांनी समोरच्या संगणकावरची नोंद बघितली, काकांकडे बघितलं, पुन्हा नोंद बघितली आणि चाचरत म्हणाले की इथे तर गरोदर असं आहे. काका म्हणाले, "तेही मीच." सगळी खोली हसायला लागली. मग पीपी नंबरची गोष्ट निघाली. साहेबांचेही डोळे चमकले. त्यांच्या लहानपणी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे फोन होता म्हणे, आणि कुलकर्णी निरोप द्यायला रात्री-अपरात्री भिंत ठोकायचे. मग एका मॅडमचा पीपी निघाला, मग शिपायाचाही निघाला. माझे रंगीत खांब पडद्यावर तसेच उभे. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होते.

हसणं जरा ओसरलं तेव्हा काका अजून उभेच होते. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. या वेळी त्यांची भाषा चर्चची नव्हती, साधी होती.

"साहेब, हसण्यासारखंच आहे. पण गल्लीतली एक पोर आजारी होती आणि मी डॉक्टरला सांगितलं, ती बरी आहे. मी खोटं नाही बोललो. मी तिला विचारलंच नव्हतं." ते पुढे म्हणाले, "नंबर माझा राहू दे. घरात फोन नाही त्यांनी कुठे जायचं? पण डॉक्टरने पहिला प्रश्न हा विचारावा, की बाई, तू एकटी आहेस का. आणि माझ्यासारखा कोणी बसलेला असेल, तर आधी त्याला उठवावं."

ही शिफारस माझी होती, हे मी आत्ताच सांगून ठेवते. माझ्या अहवालात ती शेवटून दुसऱ्या पानावर होती, जरा लांबलचक शब्दांत. पण साहेबांनी लिहून घेतली ती काकांची. भुईगावची सोय चालू राहिली. एका नंबरावर अनेक पेशंट नोंदवायला तिथल्या तिथे होकार मिळाला. एकटी आहेस का, हा प्रश्न डॉक्टरांच्या नियमात यायला मात्र आम्हाला पुढे किती चपला झिजवाव्या लागल्या ते विचारू नका. आला शेवटी. आज कुणी कुठूनही त्या सोयीवर फोन लावला की डॉक्टर आधी तेच विचारते. मला ते ऐकून दर वेळी बरं वाटतं.

नंतर आमचा तिथला प्रकल्प संपला आणि माझं भुईगावला जाणं थांबलं. शेवटचं गेले ते निरोप घ्यायला. गल्लीत शिरले तर काकांच्या वाडीत विहिरीवरचा पंप धडधडत होता आणि केळीच्या बुंध्यांत घोटाघोटापर्यंत पाणी साचलेलं. काका त्या पाण्यात घराकडे पाठ करून उभे. आग्नेसकाकू ओट्यावरून म्हणाली, वर मंजुळा डॉक्टरशी बोलतेय. ह्यांना गॅलरीतलं ऐकू येऊ नये म्हणून हे पंप लावतात. गेल्या महिन्यात लुसीबायचे तीन फोन झाले आणि दोन केळी सडल्या, आता गल्लीची तब्येत सुधारली नाही तर वाडी बुडेल. काका मधूनच मान किंचित मागे वळवायचे, आणि पुन्हा झटकन पुढे करायचे. बिचाऱ्यांचे हाल बघवत नव्हते.

मंजुळा मुलीला खांद्यावर टाकून खाली आली. तिने काकांना हाका मारल्या, पंपापुढे त्यांना ऐकू जाईना. मग साडी वर धरून ती पाण्यातून गेली आणि तिनेच पंप बंद केला. काका दचकले. "झालं? मला काही सांगू नकोस हां," असं म्हणून त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, "बसा काका. मना सांगायचा हाय." आणि त्यांना विहिरीच्या कठड्यावर बसवून, मुलगी त्यांच्या मांडीवर देऊन, ती शेजारी बसून सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मी लांब होते, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. काकांचं तोंड तेवढं दिसत होतं, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ते मिटलेलंच होतं.